दुधाच्या कॅनमध्ये पुरलेला इतिहास

मंडळाच्या मागच्या बैठकीत विषय होता, 'रोजनिशीला साहित्य म्हणायचं का?' बोलता बोलता ॲन फ्रँकचं नाव निघालं आणि तिथून गाडी हिटलरवर गेली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाकी काही म्हणा, माणसाकडे शिस्त होती." चारपाच जण हसले. मीही हसले. आमच्या हॉस्टेलच्या बाईंना आम्ही पाठीमागे 'हिटलर'च म्हणतो, त्यामुळे तो शब्द कानाला काही खुपत नाही. खुपला तो रात्री. बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर स्पर्धा परीक्षेच्या गाइडांना टेकून 'माझा लढा' उभं असतं, त्याच्या शेजारी 'यशस्वी कसे व्हावे' छापाची पुस्तकं. इतकी वर्षं मी ते बघत आले आणि कधी थांबले नाही.

मग लायब्ररीत बसून जे वाचलं, त्यातलं एक प्रकरण इथे मांडते. बैठकीतला मूळ प्रश्न रोजनिशीचा होता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मला ॲन फ्रँकपेक्षा दुसरीकडे जास्त मोठं सापडलं. ॲनची डायरी एका मुलीची. मी सांगतेय ती साठेक माणसांनी मिळून लिहिलेली एक प्रचंड रोजनिशी आहे, जी लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या हातांनी जमिनीत पुरली. जागा : पोलंडची राजधानी वॉर्सा. काळ : १९४० ते १९४३.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते, कारण ती पाठ्यपुस्तकात मिळते. हिटलर जानेवारी १९३३ मध्ये जर्मनीचा चान्सलर झाला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व गेलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत शेकडो सिनेगॉग जाळले गेले. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि युरोपातला ज्यूंचा सर्वांत मोठा समाज, तीस लाखांहून अधिक माणसं, नाझींच्या (आणि काही काळ सोव्हिएतांच्या) ताब्यात गेला. युद्ध संपेपर्यंत युरोपातले सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. त्यांतले निम्मे पोलंडचे.

एमानुएल रिंगेलब्लुम हा इतिहासाचा माणूस. जन्म १९०० चा. मध्ययुगीन वॉर्सातल्या ज्यूंवर त्याने डॉक्टरेट केली होती, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायचा आणि एका मदतसंस्थेत काम करायचा. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीने तिथे राहणाऱ्या हजारो पोलिश ज्यूंना सरहद्दीवर आणून सोडलं, तेव्हा झ्बॉन्शिन या सरहद्दीवरच्या गावात तबेल्यांत राहणाऱ्या त्या लोकांसाठी हा पाच आठवडे राबला आणि त्यांच्या हकिगती टिपून घेतल्या. १९३९ च्या ऑगस्टमध्ये तो एका परिषदेसाठी जिनिव्हाला होता. युद्ध तोंडावर आलेलं दिसत होतं. तो परत वॉर्साला आला. बायको यहुदित आणि लहानगा मुलगा उरी तिथे होते, हे खरंच. पण नंतरही बाहेर पडायची संधी असताना तो राहिला.

१६ नोव्हेंबर १९४० ला वॉर्साचा घेटो बंद झाला. सुमारे तीन मीटर उंच भिंत, वर काचा आणि तारा. शहराच्या जवळजवळ तीस टक्के लोकांना शहराच्या अडीच टक्केसुद्धा नाही एवढ्या जागेत कोंबलं. आसपासच्या गावांतून हाकललेले ज्यूही आणून टाकल्यावर १९४१ च्या वसंतात आतली लोकसंख्या साडेचार लाखांवर गेली. अधिकृत रेशन माणशी दिवसाला दोनशे कॅलरींच्याही आतलं. म्हणजे आपल्या दोन चपात्या. भूक आणि टायफसने १९४२ च्या मध्यापर्यंत सुमारे ८३,००० माणसं मेली. एकाही गॅस चेंबरशिवाय, हे लक्षात घ्या.

घेटो बंद झाल्यावर आठवड्याच्या आत, शनिवारी दुपारी, रिंगेलब्लुमच्या घरी काही मंडळी जमली. यात शिक्षक होते, पत्रकार होते, एक रब्बी होता, अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. जे चाललंय त्याची पद्धतशीर नोंद करायची असं ठरलं. शनिवारी भेटायचे म्हणून गुप्त नाव पडलं 'ओनेग शाबेस', यिडिशमध्ये 'शब्बाथाचा आनंद'. (कोकणातल्या बेने इस्रायल लोकांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणायचे, ते शब्बाथ पाळण्यामुळेच.) बाहेरच्याने ऐकलं तर वाटावं, काहीतरी भजनी मंडळ असेल. पकडले गेले असते तर मृत्यूच होता.

आता पद्धतीबद्दल, कारण आपण साहित्याचे विद्यार्थी आहोत आणि मला सर्वांत जास्त खिळवलं ते इथे. रिंगेलब्लुमचा आग्रह होता की लगेच लिहा. महिन्याभरापूर्वी जे भयंकर वाटलं होतं ते पुढच्या महिन्यातल्या भयंकरापुढे साधं वाटायला लागतं, आणि मग माणूस मागचं चुकीचं सांगतो. दुसरा आग्रह, एकाच घटनेवर शक्य तितक्या वेगवेगळ्या माणसांकडून लिहून घ्या. तिसरा, आपल्याच लोकांची पापं लपवू नका. म्हणून त्या संग्रहात घेटोतल्या ज्यू पोलिसांची लाचखोरी आहे, खबरे आहेत, उपाशी माणसांसमोरून उपाहारगृहात जाणारे तस्कर आहेत. पुढे कोणी म्हणेल की ज्यूंची बदनामी झाली, याची पर्वा त्यांनी केली नाही.

शिवाय त्यांनी फक्त लेखन जमवलं नाही. रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटांचे कागद, नाटकाच्या जाहिराती, जर्मन हुकमांची भित्तिपत्रकं, शाळकरी मुलांचे निबंध, गुप्त वर्तमानपत्रं, पोस्टकार्डं, कविता, चित्रं, सगळं. आपल्याकडे बखर म्हटलं की आपण दरबार, लढाई, थोर पुरुष शोधतो. बखर बहुतेक वेळा घडून गेल्यावर, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिली जाते. इथे थोर पुरुष नाही, आश्रयदाता नाही, आणि घटना अजून घडून गेलेली नाही. ती लिहिणाऱ्याच्या अंगावर चालून येतेय. मला बखर आणि हे यांची तुलना करून निबंध लिहायचा होता. दोन पानं झाल्यावर सोडून दिला. तुलना पेलत नाही.

त्यातली दोन माणसं सांगते.

पेरेत्स ओपोचिन्स्की हा घेटोतला पोस्टमन. युद्धाआधी गरिबीतला पत्रकार-लेखक. पोस्टमन असल्यामुळे तो रोज जिने चढायचा, दारं ठोठवायचा, आणि काय बघायचं ते बघायचा. त्याचं लेखन म्हणजे आपण ज्याला रिपोर्ताज म्हणतो ते. एका इमारतीचं अंगण घेऊन तिथली बिऱ्हाडं, भांडणं, बंद दारं तो लिहितो. लोक पत्राची वाट कशी बघायचे हेही तोच सांगतो. पोलंडचा पूर्व भाग तेव्हा सोव्हिएतांकडे होता आणि तिकडे पळालेले नातेवाईक खाण्याची पार्सलं पाठवायचे. २२ जून १९४१ ला जर्मनीने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला आणि ती पार्सलं थांबली. इतिहासाच्या पेपरात आपण या तारखेला 'ऑपरेशन बार्बारोसा' लिहून दोन मार्क घेतो. पोस्टमनच्या पिशवीतून ती तारीख वेगळी दिसते.

दुसरी राखेल आउएरबाख, लेखिका. रिंगेलब्लुमने तिला लेश्नो रस्त्यावरच्या सार्वजनिक सूपघराची जबाबदारी दिली आणि वर सांगितलं, याबद्दल लिही. आपल्याकडच्या अन्नछत्रासारखंच ते, रोज पातळ सूप वाटायचं. तिने काही महिन्यांत ओळखलं की जो माणूस फक्त तिच्या सूपवर आहे तो मरतोच. फक्त जरा सावकाश मरतो. ओळखीच्या, आवडत्या माणसांना तिने जास्तीची वाटी दिली, तरी ती गेली. मग हे सूपघर चालवायचं कशाला? रिंगेलब्लुमनेही आपल्या टिपणांत हाच प्रश्न स्वतःला विचारलाय. आहे ते अन्न सगळ्यांना थेंबथेंब वाटायचं, म्हणजे कुणीच जगणार नाही. की थोड्यांना पोटभर द्यायचं, म्हणजे निदान ते तरी उरतील? आणि ते थोडे कोण, हे ठरवायचं कुणी? त्याने उत्तर दिलेलं नाही.

मी कॉलेजच्या सेवायोजनेत रविवारी जेवण वाटायला जाते. पंगत वाढताना आमटी कमी पडली तर आम्ही त्यात पाणी घालतो आणि हसतो. हे वाचल्यानंतरच्या रविवारी पातेल्यात पाणी ओतताना हात थांबला, एवढंच सांगते. याहून जास्त काही त्यातून काढायचं नाही.

१९४२ च्या सुरुवातीपर्यंत ओनेग शाबेसचं काम म्हणजे एका समाजाच्या जगण्याची नोंद होती. मग एक तरुण आला. संग्रहात तो 'श्लामेक' या टोपणनावाने आहे. पोलंडमधल्या खेल्म्नो गावी ८ डिसेंबर १९४१ पासून नाझींनी एक नवी गोष्ट सुरू केली होती. ज्यूंना बंद गाडीत भरायचं, इंजिनाचा धूर गाडीच्या आत सोडायचा आणि गाडी जंगलात न्यायची. तिथे प्रेतं पुरायला ज्यू मजूर ठेवलेले. श्लामेक त्यांतला एक. त्याने आपल्याच माणसांना पुरलं आणि जानेवारीत तो निसटला. वॉर्सात ओनेग शाबेसचा सचिव हेर्श वास्सर आणि त्याची बायको ब्लुमा यांनी त्याच्याकडून सगळं दिवसागणिक काढून घेतलं. तो अहवाल पोलिश भूमिगतांकडे गेला. नाझी मृत्युछावणीतून सुटलेल्या माणसाची ही अगदी सुरुवातीची लेखी साक्ष आहे.

या काळापासून संग्रहाचा सूर बदलतो. आता हे फक्त अभ्यासक राहिले नाहीत. बातमी गोळा करायची, पडताळायची, देशाबाहेर पोचवायची. जूनच्या शेवटी बीबीसीवरून पोलंडमधल्या ज्यूंच्या कत्तलीची बातमी, आकड्यांसकट, प्रसारित झाली. रिंगेलब्लुमने त्या दिवशी समाधानाने लिहिलं की आपल्या गटाने एक मोठं ऐतिहासिक काम केलं, आता कदाचित लाखो जीव वाचतील. लायब्ररीत बसून वाचताना मला पुढची तारीख माहीत होती, त्याला नव्हती. ते पान मला पुरं वाचवेना.

२२ जुलै १९४२ ला वॉर्सात भित्तिपत्रकं लागली. सर्व ज्यूंचं 'पूर्वेकडे पुनर्वसन' होणार. पुनर्वसन हा शब्द आपल्या भागात धरणग्रस्तांमुळे सगळ्यांना माहीत आहे. ऐकल्यावर निदान एक पत्र्याचं घर डोळ्यांसमोर येतं. त्यांच्याही डोळ्यांसमोर असंच काही यावं हीच योजना होती. रोज हजारो माणसं रेल्वेच्या मालधक्क्याजवळच्या मैदानात आणायची. ज्यू परिषदेचा प्रमुख आडाम चेर्न्याकोव याने दुसऱ्या दिवशी विष घेतलं. मुलांना पाठवण्याच्या हुकमावर सही करायला तो तयार नव्हता. पुढे पुढे माणसं कमी पडायला लागली, तेव्हा आपणहून येणाऱ्याला तीन किलो पाव आणि एक किलो जॅम मिळेल असं जाहीर झालं. लोक गेले. दोन वर्षं उपाशी असलेली माणसं गेली. "हे लोक मुकाट गेलेच कसे?" असं आपल्यातल्या एकीने विचारलं होतं, तिला मी एवढंच सांगेन की तीन किलो पावाचं वजन आपल्याला कळत नाही.

गाड्या जायच्या त्रेब्लिंकाला. वॉर्सापासून ऐंशीएक किलोमीटर, म्हणजे बेळगावहून धारवाड. सप्टेंबर संपायच्या आत वॉर्साच्या घेटोतून अडीच लाखांहून अधिक माणसं तिथे नेऊन मारली गेली.

इथे एका मराठी शब्दाबद्दल बोलायचंय. आपण सरसकट 'छळछावणी' म्हणतो. मराठी लेख, भाषांतरं, वर्तमानपत्रं, सगळीकडे हाच शब्द. दाखाऊ, बुखेनवाल्ड यांना तो लागू पडतो. तिथे कैदी ठेवत, राबवत, छळत, आणि त्यात हजारो मरत. पण त्रेब्लिंका ही छळछावणी नव्हती. तिथे राहायला जागाच नव्हती, कारण कुणी राहणार नव्हतं. प्रेतं उचलायला आणि कपडे निवडायला ठेवलेले काही शेकडा कैदी सोडले तर गाडीतून उतरलेला माणूस दोनतीन तासांत मेलेला असायचा. एका मोठ्या इंजिनाचा धूर बंद खोल्यांत सोडत. १९४३ च्या शरदापर्यंत एवढ्याशा जागेत आठ लाखांच्या वर माणसं मारली गेली. 'छळछावणी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घातलेला हाडकुळा कैदी येतो. तो वाचलेला माणूस असतो. ज्यांचा फोटोच निघाला नाही ते त्या शब्दात मावत नाहीत. म्हणून मी वर 'मृत्युछावणी' लिहिलं. शब्द जरा पुस्तकी आहे, पण खोटा नाही.

शब्दांचंच निघालंय तर आब्राहम लेविनबद्दल सांगते. हा रिंगेलब्लुमच्याच शाळेतला शिक्षक. त्याची डायरी यिडिशमध्ये होती, घरच्या, बाजारातल्या भाषेत. २२ जुलैपासून तो हिब्रूत लिहायला लागला. का, हे त्याने सांगितलेलं नाही. प्रार्थनेची भाषा म्हणून असेल, किंवा यिडिश बोलणारेच डोळ्यांदेखत संपत होते म्हणून असेल. आपण इथे घरी एक, कॉलेजात दुसरी आणि ऑफिसात तिसरी भाषा बोलणारी माणसं. कुठल्या क्षणी कुठली भाषा तोंडात येते हे आपल्याला ठाऊक आहे. १२ ऑगस्टला त्याच्या बायकोला, लुबाला, नेलं. त्यानंतरही तो लिहीत राहिला. शेवटची नोंद १६ जानेवारी १९४३ ची आहे.

३ ऑगस्ट १९४२. नोवोलिपकी रस्ता, ६८ नंबरची शाळेची इमारत. इस्रायल लिख्टेनश्टाइन हा शिक्षक आणि त्याचे दोन जुने विद्यार्थी, दाविद ग्राबर आणि नाखुम ग्झिवाच, तळघरात खड्डा खणत होते. दहा पत्र्याच्या पेट्या. बाहेर रस्त्यावर नाकाबंदी चाललेली. पेट्या बंद करायच्या आधी तिघांनीही आपापली शेवटची कागदं लिहून आत टाकली. लिख्टेनश्टाइनने लिहिलं की मला आभार नकोत, स्मारक नको, पण माझी बायको गेला शेक्श्टाइन चित्रकार होती हे लक्षात राहावं. आणि माझी वीस महिन्यांची मुलगी मार्गालित, तिचीही आठवण राहावी. गेलाची तीनशेच्या वर चित्रं त्या पेट्यांत होती. ग्राबर एकोणीस वर्षांचा. त्याने लिहिलं की जगाला जे ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरतोय, आणि हा खजिना उघडला जाईल तो क्षण बघायला मिळाला तर किती बरं होईल. ग्झिवाच अठराचा. त्याने लिहिता लिहिता ऐकलं की आईवडिलांच्या इमारतीला वेढा पडलाय. मी तिकडे धावतोय, माझं काय होईल माहीत नाही, माझं नाव लक्षात ठेवा, असं लिहून त्याने आपलं पूर्ण नाव लिहिलं.

मी एकवीस वर्षांची आहे. प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर नाव टाकताना मला मार्कांची काळजी असते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये दुसरा भाग त्याच इमारतीत पुरला, यावेळी दोन मोठ्या दुधाच्या कॅनमध्ये. आपल्या गल्लीत सकाळी दूधवाला मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी अडकवून आणतो ना, तसलेच, फक्त मोठे. तिसरा भाग एप्रिलमध्ये श्विएंतोयेर्स्का रस्त्यावर पुरला. १९ एप्रिलला घेटोतल्या उरलेल्या ज्यूंनी मोजक्या पिस्तुलांनी आणि घरी बनवलेल्या बाटलीबॉम्बनी उठाव केला. जवळजवळ महिनाभर तो चालला आणि जर्मनांनी घेटो घरामागून घर जाळून संपवला.

आता जे लिहायचंय ते मला टाळता आलं असतं. पण रिंगेलब्लुमचा तिसरा नियम वर सांगितला आणि स्वतः पळून गेले तर बरं दिसणार नाही.

मी कॅथलिक आहे. लहानपणी पवित्र शुक्रवारी चर्चमध्ये योहानाच्या शुभवर्तमानातला दुःखसहनाचा वृत्तान्त वाचला जायचा. जमावाचे संवाद आम्ही सगळे भाविक मोठ्याने म्हणायचो, आणि 'यहुदी' हा शब्द त्यात पुन्हा पुन्हा यायचा. मी सात-आठ वर्षांची असताना माझी पक्की समजूत होती की यहुद्यांनी येशूला मारलं. येशू स्वतः यहुदी, मरिया यहुदी, बारा प्रेषित यहुदी, हे कुणीतरी सांगेपर्यंत बरीच वर्षं गेली. युरोपात ही समजूत मुलांपुरती नव्हती. शतकानुशतकं ती मोठ्यांची, प्रवचनांची समजूत होती. नाझींचा ज्यूद्वेष वंशावर आधारलेला होता, धर्मावर नव्हता. बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूलाही त्यांनी सोडलं नाही. वॉर्साच्या घेटोत एक चालू कॅथलिक चर्च होतं आणि त्याचे भाविक दंडावर ज्यूंची पट्टी बांधून मिस्साला यायचे. संत एडिथ स्टाइन, कार्मेल मठातली भगिनी, हॉलंडमध्ये २ ऑगस्ट १९४२ ला पकडली गेली, म्हणजे ग्राबर खड्डा खणत होता त्याच्या आदल्या दिवशी, आणि ९ ऑगस्टला ऑशविट्झमध्ये मारली गेली. हे सगळं खरं. तरी जमीन कोणी नांगरून ठेवली होती, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

त्याच ऑगस्टमध्ये वॉर्सात झोफिया कोसाक या नामवंत कॅथलिक लेखिकेने एक गुप्त पत्रक काढलं, 'निषेध' नावाचं. खून होताना जो गप्प बसतो तो खुन्याला सामील आहे, असं त्यात ती पोलिश कॅथलिकांना बजावते. आणि त्याच पत्रकात पुढे म्हणते की ज्यूंबद्दलची आमची भावना बदललेली नाही, आम्ही त्यांना पोलंडचे शत्रूच समजतो. एकाच कागदावर. ही बाई नुसती लिहून थांबली नाही. ज्यूंना लपवणारी, खोटे कागद पुरवणारी जी 'झेगोता' नावाची संघटना उभी राहिली, तिच्या संस्थापकांपैकी ती एक. पोलंडमध्ये ज्यूला आसरा देण्याची शिक्षा मृत्यू होती, हे माहीत असून. मला या बाईला कुठल्या खणात ठेवावं कळत नाही, आणि मी ठेवणारही नाही. आमच्या एका फादरांशी बोलले तर ते म्हणाले, "तिने वागून जे केलं ते तिच्या विचारांच्या पुढे गेलं." मला हे अर्धंच पटलं. विचार तिथेच राहिला, तो छापला गेला, आणि लोकांनी दोन्ही वाक्यं वाचली. चर्चने ज्यूंवरचा तो सामूहिक आरोप अधिकृतपणे खोडून काढला तो १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हाटिकन परिषदेत. वीस वर्षांनी.

रिंगेलब्लुमचा शेवटही एका पोलिश माळ्यापाशी येतो. उठावात तो सापडला, त्राव्निकीच्या श्रमछावणीत गेला, तिथून एका पोलिश रेल्वे कामगाराने आणि एका ज्यू तरुणीने त्याला चोरून बाहेर काढलं. मग ग्रुयेत्स्का रस्त्यावर, म्येचिस्वाव वोल्स्की या माळ्याने आपल्या काचघराखाली खणलेल्या तळघरात, तीसेक माणसांबरोबर तो बायकोमुलासह लपला. तिथे बसून त्याने पोलिश आणि ज्यू लोकांच्या संबंधांवर एक दीर्घ निबंध लिहिला, ज्यात वोल्स्कीसारख्यांबद्दल कृतज्ञता आहे आणि ज्यूंना पकडून देणाऱ्या, ब्लॅकमेल करणाऱ्या पोलिशांबद्दल एक शब्दही मवाळ नाही. ७ मार्च १९४४ ला तळघर सापडलं. रिंगेलब्लुम, यहुदित, तेरा वर्षांचा उरी, बाकीचे सगळे, आणि वोल्स्की व त्याचा भाचा, काही दिवसांत मारले गेले.

ओनेग शाबेसच्या साठेक माणसांपैकी युद्धानंतर तीन उरली : हेर्श वास्सर, ब्लुमा वास्सर आणि राखेल आउएरबाख. जागा ठाऊक असलेला त्यांत एकटा हेर्श. सूपघरवाल्या राखेलने तर ठणकावून सांगितलं की ढिगाऱ्याखाली आपला खजिना आहे, तो काढल्याशिवाय आपल्याला स्वस्थ बसता येणार नाही. पण काढायचा कुठून? घेटोच्या जागी विटांचा समुद्र होता. त्या वेळचा एक फोटो जरूर बघा. क्षितिजापर्यंत चुरा, एकही भिंत नाही, आणि मधोमध नोवोलिपकी रस्त्यावरचं सेंट ऑगस्टिन चर्च तेवढं मनोऱ्यासकट उभं. मी तो फोटो मोबाइलवर बराच वेळ मोठा करून बघत होते.

१८ सप्टेंबर १९४६ ला दहा पेट्या मिळाल्या. पेट्यांना नीट डाग दिलेला नव्हता, पाणी शिरलं होतं, कागद लगदा व्हायच्या बेताला आलेले. दुधाचे कॅन १ डिसेंबर १९५० ला बांधकाम मजुरांना लागले; त्यातले कागद बरेच चांगले होते. मिळून पस्तीस हजारांच्या आसपास पानं. ती आज वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत आहेत आणि १९९९ पासून युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' यादीत आहेत.

हा विषय घेतला म्हटल्यावर घरी आजोबा म्हणाले, "पोलंडचे लोक तर कोल्हापूरला होते, वळिवड्याला." होते. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश, बहुतेक बायका आणि मुलं, राहात होती. पण ती बहुतांशी स्टालिनने सायबेरियाकडे नेलेली माणसं. त्यांची कहाणी वेगळी आहे आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. एवढं मात्र मनात येतं की ज्या महिन्यांत वॉर्सात माळ्याच्या काचघराखाली एक माणूस लिहीत बसला होता, त्याच महिन्यांत त्याच देशातली मुलं पंचगंगेकाठी शाळेत जात होती.

रोजनिशी साहित्य आहे का, हा प्रश्न मी पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे. मागच्या बाकावरच्या मित्रालाही खास निमंत्रण. येताना त्याने ग्राबरचं शेवटचं पान वाचून यावं, इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. मी त्याचं मराठी करत्येय, त्यातला 'खजिना' शब्द अजून मनासारखा जमलेला नाही.

श्विएंतोयेर्स्का रस्त्यावर पुरलेल्या तिसऱ्या भागातली जळकी थोडी पानं सोडली तर काही हाती लागलेलं नाही. त्या जागी आता चीनचा दूतावास आहे. त्याच्या बागेतही खणून बघितलं. तिथे काही नव्हतं.